तीन सुरांतली कसर

चावीवाल्यांच्या घरात बेसूर अशी एकच गोष्ट होती आणि ती म्हणजे त्यांची बायको. असं ते स्वतःच सांगत, चारचौघांत सांगत, ती समोर बसलेली असताना सांगत, आणि वर "हे मी कौतुकाने म्हणतोय हं" अशी पुस्तीही जोडत. बाकीचं घर त्यांनी सुरात आणून ठेवलं होतं. दारावरची घंटा कानशीने घासून घासून तिचे दोन टोले एकमेकांशी चोख जमवले होते. किटलीची शिट्टी त्यांना जराशी चढी वाटे, म्हणून तिच्या तोटीला तारेचा वेढा दिला होता. तेव्हापासून किटली सुरात वाजे, फक्त चहा कपाऐवजी ओट्यावर पडे.

पियानो जुळवायचा त्यांचा धंदा, चाळीस वर्षांचा. पियानोच्या तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या पिळायची लाकडी मुठीची चावी कायम त्यांच्या कोटाच्या खिशात असे, म्हणून नाव पडलं चावीवाले. नव्या ओळखीची माणसं हरवलेल्या किल्ल्या घेऊन चौकशीला येत. चावीवाले त्यांना आत बसवून दोन तारांमधला फरक समजावून सांगत, आणि ती माणसं पुन्हा त्या गल्लीने जात नसत.

एकुलती एक लेक पियानो वाजवायची, आणि उत्तम वाजवायची. ती गेले अकरा महिने बापाशी बोलत नव्हती. चूक सर्वस्वी बापाची होती हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांची दया यायची शक्यता आहे.

झालं होतं असं. लेकीचा पहिला मोठा कार्यक्रम, सहाशे खुर्च्या, एकही रिकामी नाही. चावीवाले तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. ऐन संथ जागी पियानोची वरची एक तार किंचित सरकली. सहाशेतल्या पाचशे नव्व्याण्णवांना ते कळलं नाही. चावीवाल्यांनी पाच मिनिटं दम धरला असं ते सांगतात, बायको सांगते पाच सेकंद. मग ते उठले, पायऱ्या चढून रंगमंचावर गेले, वाजवणाऱ्या लेकीला "चालू दे, चालू दे" म्हणाले आणि पियानोत डोकं घालून खुंटी पिळू लागले. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. चावीवाल्यांनी त्या वाकून स्वीकारल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला तो त्यांचा. लेकीचं फक्त कोपर दिसत होतं.

तेव्हापासून लेक फोन करी तो आईला. चावीवाल्यांनी उचललाच तर पलीकडून "आईला द्या" एवढंच येई. तेवढे दोन शब्द ऐकायला ते मुद्दाम धावत जाऊन फोन उचलत. कार्यक्रमांचे पास घरी येत तेही एकेकच. बायको नटूनथटून जाई आणि हे घरी बसून, परत आल्यावर तिला काय काय विचारायचं त्याची उजळणी करत. ती येऊन सांगे, "छान झालं." आता "छान झालं" म्हणजे काय समजायचं माणसाने? कुठे छान, किती छान? पण बायकोकडून याच्यापुढे एक अक्षर निघत नसे.

आणि मग एका सोमवारी बायकोने भाजी चिरता चिरता सांगून टाकलं, "गुरुवारी सकाळी आठ वाजता तुम्हाला हॉलवर जायचंय. तिचं वाद्य जुळवायला."

"तिने बोलावलं?" चावीवाले खुर्चीतून अर्धे उठले.

"मी सांगितलं तिला की तुम्ही येताय. आणि तुम्हाला सांगतेय की तिने बोलावलंय. आता दोघांनी मिळून मला खोटं पाडू नका म्हणजे झालं."

हे वाद्य म्हणजे पियानो नव्हताच. लेक आता एका दाढीवाल्याबरोबर काम करत होती. हा दाढीवाला नवं संगीत लिही. नेहमीच्या पियानोत एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, त्या त्याला कमी पडल्या, म्हणून त्याने एकोणीस पट्ट्यांचं एक वाद्य बनवून घेतलं होतं. पट्टी दाबली की आत एक छोटं नख तारेला छेडी. एकूण तारा सत्त्याहत्तर. त्या एरवी तो स्वतः जुळवी, पण सायकलवरून पडून त्याचं मनगट गळ्यात बांधलेलं होतं, आणि एकोणीस पट्ट्यांना हात लावायला दुसरा कुणी धजत नव्हता.

गुरुवारी आठला लेक हॉलच्या दारात उभी होती. अकरा महिन्यांत थोडी वाळली होती असं चावीवाल्यांना वाटलं, पण ते म्हणायची ही वेळ नव्हती. तिने हातात एक कागद ठेवला.

"यावर सगळं लिहिलंय. कुठल्या दोन तारांमध्ये सेकंदाला किती हेलकावे हवेत ते. कागदावर आहे तसंच करायचं, बाबा. वरखाली काही नाही. नीट झालं तर संध्याकाळी ऐकायला या. नाहीतर नका येऊ."

"मी चाळीस वर्षं…"

"कागदावर आहे तसं," लेक म्हणाली आणि निघून गेली. पण "बाबा" म्हणाली होती. चावीवाल्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हात चोळले.

हेलकावे म्हणजे काय ते सांगायला हवं. दोन तारा एकमेकींशी चोख जुळल्या की आवाज स्थिर उभा राहतो. कणभर चुकल्या की तो लाटेसारखा वरखाली होऊ लागतो, ओंव, ओंव, ओंव. जुळवणारा माणूस घड्याळ बघून ते हेलकावे मोजतो. चावीवाल्यांना घड्याळाचीही गरज नव्हती. ते मनातल्या मनात मोजत आणि त्या वेळी त्यांच्या भुवया वरखाली होत. समोरच्याला वाटे हे आपल्यालाच काहीतरी खुणावताहेत.

साडेदहापर्यंत काम झकास चाललं. मग ते कागदाच्या तळाशी आले. तिथे तीन तारांभोवती लाल गोल होता. चावीवाल्यांनी आकडे वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. पहिल्या-दुसऱ्या तारेत हेलकावे, दुसऱ्या-तिसऱ्या तारेत हेलकावे, पहिली-तिसरीतही हेलकावे. तीन तारा, तीन जोड्या, आणि त्यातली एकही जोडी चोख नाही!

"दाढी वाढवली म्हणजे हिशेब येतो असं नाही," ते वाद्याला म्हणाले.

आता दुसरा कुणी असता तर त्याने लेकीला फोन केला असता. पण चूक दिसली की ती विचारून दुरुस्त करायची हे चावीवाल्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी पहिली आणि दुसरी तार चोख जुळवली. आवाज असा उभा राहिला की त्यांना स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मग दुसरी आणि तिसरी चोख जुळवली. तीही देखणी. मग पहिली आणि तिसरी एकत्र छेडून पाहिली, आणि बाहेर जिन्यावर झोपलेली मांजर उठून गेली.

चावीवाल्यांनी क्षणभर विचार केला. तीन जोड्यांपैकी दोन तर सोन्यासारख्या झाल्या. तिसरीच जोडी नेमकी कोण कशाला वाजवतंय? असं मनाशी म्हणत त्यांनी चावी खिशात टाकली.

दुपारी बायको डबा घेऊन आली. दोघं रिकाम्या हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून जेवली. चावीवाले इतके खुशीत होते की त्यांनी बायकोच्या स्वयंपाकातही काही सुचवलं नाही. "संध्याकाळचा माझा निळा कोट काढून ठेव," ते म्हणाले. "मी तिचं वाद्य नुसतं जुळवलं नाही, सुधारलंय."

बायकोचा घास हातातच राहिला. "काय केलंय?"

तेवढ्यात लेक आणि दाढीवाला तालमीला आले, त्यामुळे उत्तर द्यायचं राहिलं. लेक वाजवायला बसली. संगीत चावीवाल्यांना ओळखीचं नव्हतं. सूर नेहमीच्या बारा सुरांच्या फटींतून डोकावत होते, जिथे काही नसतं अशी त्यांची चाळीस वर्षं समजूत होती तिथून. तरी त्यांनी मान डोलवायला सुरुवात केली, कारण हात लेकीचे होते.

आणि मग शेवट आला. शेवट म्हणजे एकच कॉर्ड, तीन सूर एकदम. ती आठ वेळा छेडायची आणि दर वेळी आवाज पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, असा दाढीवाल्याचा शेवट होता. लाल गोलातल्या त्याच तीन तारा.

पहिल्यांदा छेडली तेव्हा दाढीवाल्याने मनगटाची झोळी धरली. दुसऱ्यांदा छेडली तेव्हा बायकोने डब्याचं झाकण खाली टाकलं. सूर कसले, तीन जावा एका नळावर भांडत होत्या. लेकीने तिसऱ्यांदा छेडलीच नाही. तिने पट्ट्यांवरचे हात उचलले, मांडीवर ठेवले आणि शेवटच्या रांगेकडे न बघता विचारलं, "बाबा, कागदावर काय होतं?"

चावीवाले पुढे आले. "अगं, त्यात चूक होती. तिन्ही जोड्या खोट्या होत्या. मी दोन खऱ्या केल्या."

"आणि तिसरी?"

"तिसरीचं जरा… ती तेवढी टाळता आली तर बघा."

दाढीवाला काही बोलणार होता, पण लेकीने त्याला हाताने थांबवलं. "शुद्ध सुरांत ही कॉर्ड नाहीच आहे, बाबा. कुठेच नाही. दोन जोड्या खऱ्या केल्या की तिसरी मरते. तिघांनी थोडं थोडं सोडलं तरच ती होते. तिन्ही जोड्यांत कसर आहे म्हणून तर ती कॉर्ड आहे."

"ही लबाडी झाली."

"आणि तुम्ही पियानोत करता ते काय?" लेकीचा आवाज चढला. "मी आठ वर्षांची होते. तुम्ही मला फळीवर बारा पुस्तकं लावून दाखवली होती. एक बोट जागा कमी पडत होती. तुम्ही म्हणालात, एका पुस्तकाला बाहेर काढायचं नाही, सगळ्यांनी जरा जरा आत सरकायचं. बारा सुरांचं असंच असतं, कसर वाटून घ्यायची. तुम्हीच शिकवलंत ना? मग बारा जणांत वाटली की ती रीत, आणि तिघांत वाटली की लबाडी?"

चावीवाल्यांना एवढं तोंडात मारल्यासारखं कधी झालं नव्हतं. पुस्तकं त्यांना आठवली. फळीसुद्धा आठवली.

"तुम्हाला ना, बाबा, सगळं बरोबर करायचं असतं. शेजारी कोण बसलंय याच्याशी तुम्हाला देणंघेणंच नसतं," लेक म्हणाली, आणि पर्स घेऊन बाहेर पडली. दाढीवाला तिच्या मागून गेला, जाता जाता एवढंच म्हणाला, "साडेसहाला दारं उघडतात."

हॉलमध्ये नवराबायको उरली. चावीवाले पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, चावी हातात घेऊन. बायकोने डब्याचं झाकण शोधून काढलं, पुसलं आणि बसवलं.

"मला सुरातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगता सगळ्यांना. पण एक विचारू? मी गुणगुणत नाही हे तुमच्या कधी लक्षात आलंय?"

"म्हणजे?"

"लग्नाआधी मी दिवसभर काही ना काही गुणगुणायची. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तुम्ही खिडकीतून म्हणालात, 'किंचित खाली जातंय, जरा वर घे.' मी वर घेतलं. तुम्ही म्हणालात, 'आता जास्त झालं.' तेव्हापासून मी गप्पच आहे. तुमचं म्हणणं बरोबरच असेल. पण घरातलं एक माणूस बत्तीस वर्षं गात नाही हे तुमच्या कानाला ऐकू आलं नाही, याची मला गंमत वाटते."

ती हे रागाने म्हणाली नाही, आणि चावीवाल्यांना त्याचंच जास्त लागलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. मग उठून वाद्याजवळ गेले.

चोख जुळलेली तार हाताने बिघडवायची हे सोपं काम नाही, निदान त्यांना तरी नव्हतं. पहिली खुंटी पिळताना त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिली-दुसरीत हेलकावा आला, सावकाश, कागदावर होता तेवढा. दुसरी-तिसरीत आला. पहिली-तिसरीतलं भांडण खाली बसलं आणि तिथेही तेवढाच संथ हेलकावा उरला. मग त्यांनी तिन्ही तारा एकदम छेडल्या.

कुणीच पुरतं खरं नव्हतं. पण तिघांचे हेलकावे एकमेकांत मिसळले आणि त्यातून एक आवाज निघाला जो त्यांनी चाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो झुलत होता आणि तरी जागेवर होता. त्यांनी पुन्हा छेडलं. मग पुन्हा. पाचव्यांदा छेडताना त्यांच्या लक्षात आलं की लेक दारात उभी आहे.

ती येऊन बसली. तिने ती कॉर्ड स्वतः आठ वेळा छेडली, दर वेळी विझेपर्यंत थांबली. मग पर्समधून एक पास काढून बापासमोर धरला.

"शेवटची रांग," ती म्हणाली. "मधली खुर्ची. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ माणसं आहेत."

"इतकी?" चावीवाले म्हणाले.

"बारा पुरतील का, असा आधी विचार केला होता."

संध्याकाळी निळा कोट घालून चावीवाले हॉलच्या दाराशी थांबले. खिशातून चावी काढली आणि कुणी न मागता बायकोच्या हातात दिली. बायकोने ती पर्समध्ये टाकून चेन ओढली आणि आत बसल्यावर पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. एवढी काळजी तिने दागिन्यांची कधी घेतली नसेल.

कार्यक्रम रंगला. दिव्यांच्या उष्णतेने हॉल तापला होता आणि चावीवाल्यांना त्याचीच धास्ती होती, कारण उष्णतेने तारा सैल पडतात. पण शेवटापर्यंत सगळं निभावलं. कॉर्ड आली. पहिली खेप, दुसरी खेप. लोकांनी श्वास रोखले होते. आणि तिसऱ्या खेपेला मधली तार सरकली.

फार नाही. केसाच्या रुंदीइतकी. पण तो संथ हेलकावा घाईत आला, आणि लेकीच्या खांद्यांवरून चावीवाल्यांना कळलं की तिनेही ऐकलंय. आता अजून पाच खेपा. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप खुंटी पिळू लागला. तो दांडा नव्हता, शेजारच्या गृहस्थांचं मनगट होतं. गृहस्थांनी ते सोडवून घेतलं. चावीवाल्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले. चौथी खेप. घामाची धार कॉलरमध्ये गेली. पाचवी. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. सहाव्या खेपेच्या आधी लेकीने मान वर करून थेट शेवटच्या रांगेकडे पाहिलं. चावीवाले बसलेले होते. ती खाली वळली आणि तिने उरलेल्या तिन्ही खेपा वाजवल्या, आधीपेक्षा सावकाश, प्रत्येक आवाज पुरता विझू देऊन.

टाळ्या थांबेनात. चावीवाले टाळ्या वाजवू शकले नाहीत, कारण हातांना मुंग्या आल्या होत्या.

गर्दी ओसरल्यावर लेक येऊन समोर उभी राहिली. "मधली तार उतरली होती," ती म्हणाली.

"हो का?" चावीवाले म्हणाले. "मला नाही कळलं."

लेक बघतच राहिली. ज्या माणसाला दोन भिंतींपलीकडच्या नळाची टपटप चढी की उतरती हे कळायचं, तो तिच्या डोळ्यांत डोळे घालून हे सांगत होता.

"तिसऱ्या खेपेला," ती म्हणाली. "नाही कळलं?"

"वय झालं. कानांचं काही खरं नाही आता." आणि मग, हे खोटं कमी पडलं असेल असं वाटून, त्यांनी आणखी एक जोडलं. "छान झालं."

लेक हसायला लागली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. बायकोने आपलं हसू पर्समध्ये रुमाल शोधण्यात लपवलं आणि रुमालाऐवजी चावी काढून दिली.

"पुढच्या महिन्यात पाच तारखेला परत आहे," लेक म्हणाली. "सकाळी आठला जुळवायला या. आणि संध्याकाळी तुमच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवते."

"मधलीच ठेव," चावीवाले घाईने म्हणाले. "दोन्हीकडे माणसं असलेली बरी."

"नाही. कडेची ठेवते," लेक म्हणाली आणि वाद्य झाकायला गेली.

चावीवाले तिथेच उभे राहिले, चावी मुठीत घेऊन. शेजारी बायको कोट चढवत होती आणि चढवता चढवता गुणगुणत होती, तिचं तिलाही कळलं नसावं. किंचित खाली जात होतं. ते किती खाली जातंय हे चावीवाल्यांना अगदी नेमकं कळलं. बायकोला त्यांची नजर जाणवली आणि ती एकदम थांबली.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही," चावीवाले म्हणाले आणि तिच्या कोटाची उलटी झालेली बाही सरळ करून धरली. "चालू दे."